फुफ्फुसांचा मुलूख

अकोल्याची फुफ्फुसे अमरावतीच्या फुफ्फुसांपेक्षा अधिक बिघडलेली निघतात, असे एक विधान २०२१ सालच्या मार्च महिन्यात आमच्या वैद्यकमंडळींत इतक्या गांभीर्याने फिरू लागले होते की, आठवड्यातले काही दिवस अमरावतीस आणि काही दिवस अकोल्यास बसून दोन्हीकडच्या छातींची सीटी छायाचित्रे वाचणाऱ्या माझ्यासारख्या माणसाकडे त्याची शहानिशा करून घेण्यासाठी लोक हक्काने येऊ लागले. विधान अगदीच निराधार नव्हते. दोन्ही ठिकाणी माझ्याच हातून लिहिले गेलेले अहवाल शेजारी शेजारी ठेवले असते, तर अकोल्याचे आकडे चढे दिसले असते, यात शंका नाही. परंतु शंभरेक किलोमीटरच्या अंतरावरची, एकाच काळ्या जमिनीवर वसलेली, एकच कापूस पिकवणारी आणि पिढ्यानुपिढ्या एकमेकांत सोयरिकी करीत आलेली ही दोन गावे; त्यांच्या फुफ्फुसांत असे वेगळे ते काय असावे, हा प्रश्न त्या दिवसांत माझ्यामागे जो लागला तो साथ ओसरल्यावरही सुटला नाही, आणि या व्यवसायाने मला जे काही शिकवले त्यातला बराचसा भाग त्याच्या पाठलागातच पदरी पडला.

क्ष-किरणतज्ज्ञ हा रुग्णापासून एका भिंतीच्या अंतरावर राहणारा वैद्य. रुग्ण आत यंत्राच्या पाटावर निजलेला, आपण काचेपलीकडे पडद्यासमोर, आणि दोघांच्या मधला परिचय एका चिठ्ठीपुरता: नाव, वय, स्त्री की पुरुष, आणि ‘ताप-खोकला’ असा दोन शब्दांचा मजकूर. १९७१ साली लंडनच्या एका इस्पितळात गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले, तेव्हापासून या यंत्राची सारी भाषा आकड्यांची आहे. हौन्सफिल्ड यांच्याच नावाने चालणाऱ्या मोजणीत पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे हजार, आणि हवेने भरलेले निरोगी फुफ्फुस उणे सातशे-आठशेच्या आसपास. वायुकोशांत द्रव किंवा दाहजन्य पेशी साचू लागल्या की हा आकडा वर सरकतो व पडद्यावरचा काळा रंग करडा होतो. माझ्या व्यवसायाचा निम्मा भाग हा करडेपणा किती आणि कोठे आहे हे सांगण्याचा. तो का आहे हे सांगण्याचा उरलेला निम्मा भाग चिठ्ठीवरच्या दोन शब्दांवर कसा चालवावा, याची अडचण साथीपूर्वीही होती, पण ती इतकी बोचत नव्हती.

कोरोना विषाणूच्या न्यूमोनियाचे ग्रंथोक्त रूप २०२०च्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच वूहानच्या डॉक्टरांनी पुष्कळ काटेकोरपणे मांडून ठेवले होते. दोन्ही फुफ्फुसे, त्यांतही तळाचे खंड, मागची बाजू, आणि फुफ्फुसावरणाला लागून असलेली किनार. प्रथम घासलेल्या काचेसारखे धूसर डाग, ज्यांच्यातून रक्तवाहिन्या अजून दिसतात. मग त्या धूसरपणात उमटणारी बारीक जाळी. मग रक्तवाहिन्याही झाकून टाकणारा घट्ट पांढरेपणा. आणि शेवटी उतरत्या काळातले आडवे-तिरपे पट्टे. पहिले चार दिवस आरंभाचे, पाचवा ते आठवा चढाचे, नववा ते तेरावा शिखराचे आणि चौदाव्यानंतरचे ओसरण्याचे, अशी दिवसवारीही त्यांनी लावून दिली होती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नेदरलँड्सच्या क्ष-किरणतज्ज्ञांनी संशयाच्या पायऱ्या ठरवणारी कोरॅड्स नावाची पद्धत काढली. आणि पाच खंडांना प्रत्येकी शून्य ते पाच असे गुण देऊन पंचविसांपैकी बेरीज करण्याची जी रीत आपल्याकडे रूढ झाली, तिचे नाव तर वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत ‘स्कोर’ म्हणून सर्वतोमुखी झाले. एवढी सामग्री हाताशी असल्यावर अमुक गावचे फुफ्फुस आणि तमुक गावचे फुफ्फुस असा भेद काढणे फार सोपे वाटते.

त्यातच २०२१चा फेब्रुवारी आला. सारे राज्य साथ सरल्याच्या समाधानात असताना अमरावती आणि अकोला येथे मात्र रुग्णसंख्या अचानक वाढू लागली, आणि २२ फेब्रुवारीच्या रात्री आठ वाजल्यापासून अमरावती व अचलपूर या शहरांत आठवड्याची टाळेबंदी लागू करण्याचा हुकूम निघाला. पुण्याच्या प्रयोगशाळांत झालेल्या जनुकीय तपासण्यांच्या बातम्यांत अमरावतीचे नाव वारंवार झळकू लागले. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर ही उत्परिवर्तने वाढीस लागल्याचे जाहीर केले. आणि त्याच घराण्यातल्या एका शाखेस ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने डेल्टा हे नाव दिले. आपल्या गावातून काही वेगळा विषाणू निघाला, ही भावना भयाची खरी, पण तिच्यात एक चमत्कारिक स्थानाभिमानही मिसळलेला मला दिसे. जो तो विचारी, ‘स्कॅनमध्ये नवीन स्ट्रेन ओळखू येतो का?’ येत नाही. विषाणूच्या काट्यावरचे एक अमिनो आम्ल बदलले म्हणून फुफ्फुसावर त्याची सही वेगळी उमटत नाही. छायाचित्रात दिसते ती शरीराने दिलेली झुंज. त्या वसंतात पूर्वीपेक्षा तरुण माणसे यंत्राखाली येत होती आणि त्यांच्या छायाचित्रांतला पांढरेपणा मला अधिक वाटत होता, हे मी नाकारीत नाही. तरी अकोला आणि अमरावती यांच्यातली तफावत विषाणूच्या खाती टाकण्याची मला कधीच इच्छा झाली नाही, कारण विषाणू तर दोन्हीकडे तोच होता.

तफावतीचे पहिले सूत्र हाती लागले ते मेळघाटातून आलेल्या एका रुग्णामुळे. त्याच दुपारी त्याच्याआधी अमरावतीच्या बाजारपेठेतील एक व्यापारी तपासून गेला होता, आदल्या रात्री अंगात कणकण आली, सकाळी ओळखीच्या डॉक्टरांना फोन झाला आणि दुपारी दोनच्या आत तो यंत्राखाली होता, फुफ्फुसे स्वच्छ. त्याच्यामागून धारणीकडचा एक मध्यमवयीन शेतमजूर आला, त्याच्या पाचही खंडांत जाळी आणि घट्टपणा पसरलेला. चिठ्ठीवर दोघांच्याही नावापुढे तेच दोन शब्द. दुसऱ्याच्या भावाला मी काचेबाहेर बोलावून ताप केव्हापासून, असे विचारले तेव्हा त्याने तारीख सांगितली नाही. त्याने सांगितले की, मागच्या बाजाराच्या आधीच्या बाजाराला गेला तेव्हा अंग दुखत होते. बाजाराचा वार विचारून हिशेब केला तेव्हा तो दिवस अकरावा निघाला. त्या अकरा दिवसांत प्रथम घरची मुळ्या-पाल्याची औषधे झाली, मग गावच्या भूमकाकडे जाणे झाले, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, मग धारणीचे उपजिल्हा रुग्णालय, आणि तेथून सेमाडोहच्या घाटाने परतवाड्यावरून सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास. शिवाय मध्यंतरीचे काही दिवस निव्वळ धास्तीत गेले, कारण अमरावतीस नेलेला माणूस परत येत नाही अशी त्या बाजूस बोलवा होती. पडद्यावर मी जे पाहत होतो त्याला मेळघाटचे फुफ्फुस म्हणण्यात अर्थ नव्हता. ते अकराव्या दिवसाचे फुफ्फुस होते, आणि व्यापाऱ्याचे पहिल्या दिवसाचे. तो व्यापारी धारणीत जन्मला असता तर अकराव्या दिवशी त्याचेही चित्र बहुधा असेच उमटले असते.

त्या दिवसापासून तंत्रज्ञाकडून प्रत्येक चिठ्ठीवर आजाराचा दिवस, गाव आणि धंदा या तीन गोष्टी लिहवून घेण्याची तजवीज मी केली. ऐकायला हे किरकोळ वाटते. गर्दीच्या दिवसांत, अंगावर ते प्लास्टिकचे झगे घालून घामाघूम झालेल्या माणसाकडून हे काम करवून घेणे किरकोळ नव्हते, आणि त्याबद्दल त्या पोरांनी माझ्यामागे मला काय नावे ठेवली असतील तीही मी जाणून आहे. लोक दिवस लपवीत. चार दिवसांहून जास्त सांगितले तर सरकारी केंद्रात नेतील, गावाला पत्रे ठोकतील, अशी भीती असल्याने बहुतेकांचा ताप ‘परवापासून’ असे. तेव्हा ताप केव्हा आला हे न विचारता चव केव्हा गेली, शेवटचे कामावर केव्हा गेलात, कोणाच्या लग्नाला गेला होतात, अशा आडवाटांनी जबानी घ्यावी लागे. पण हळूहळू चिठ्ठ्यांचा गठ्ठा वाढत गेला आणि आठव्या ते दहाव्या दिवशी आलेल्यांचेच अहवाल मी एका बाजूस काढून पाहिले, तेव्हा त्यातले अकोल्याचे कोणते आणि अमरावतीचे कोणते हे नाव झाकून मला सांगता येईना.

मग अकोल्याचे आकडे चढे का? याचे उत्तर फुफ्फुसांत नसून सरकारी दप्तरात होते. अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि त्याचे सर्वोपचार रुग्णालय हे बुलढाणा-वाशीमकडच्या बिकट रुग्णांचेही मुक्कामाचे ठिकाण. जो तालुक्याच्या इस्पितळात आवरला नाही तो अकोल्यास रवाना व्हायचा. अमरावतीस त्या काळी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. जिल्हा रुग्णालय, ज्याला लोक अजून इर्विनच म्हणतात, आणि संदर्भ सेवेचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय यांवर भार होता, आणि ज्याच्या घरच्यांना ऐपत होती तो अधिक बिघडला की नागपूरची वाट धरी. म्हणजे अकोल्यात आजूबाजूच्या जिल्ह्यांतले गंभीर रुग्ण येऊन साचत, तर अमरावतीतले काही गंभीर रुग्ण निघून जात. आणि मागे राहिलेल्यांची सरासरी काढून आम्ही तिला शहराचा स्वभाव समजत होतो. याची उलट तपासणी एप्रिलात आपोआपच झाली. नागपुरात खाटा मिळेनाशा झाल्या आणि तिकडचे रुग्ण अमरावतीकडे येऊ लागले. अमरावतीची स्वतःची लाट तेव्हा उतरणीला होती, तरी माझ्या पडद्यावरचा पांढरेपणा वाढला. गावाचे फुफ्फुस एका महिन्यात बदलत नसते; रुग्णवाहिकेची दिशा बदलली होती.

मेळघाटच्या रुग्णांनी आणखी एक धडा दिला, तो दिवसांच्या हिशेबापेक्षाही मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो कोणत्याही ग्रंथात मला आढळला नव्हता. छातीचे सीटी काढताना रुग्णाने खोल श्वास घेऊन क्षणभर धरावा लागतो. श्वास सुटला तर फुफ्फुस आकसते, त्यातली हवा कमी होते, आणि निरोगी ऊतकही करडे दिसू लागते; मागच्या बाजूस तर निजून राहिल्यानेच थोडी धूसरता येते, तिची त्यात भर पडते. आमच्या यंत्रात हे हुकूम ध्वनिमुद्रित स्वरूपात असत, एक इंग्रजीत आणि एक हिंदीत. यंत्र बोलायचे, रुग्ण गोंधळून मान वळवून आवाज कोठून आला ते पाहायचा, किंवा नेमका त्याच वेळी श्वास सोडायचा. कोरकू बायाबापड्यांच्या कित्येक छायाचित्रांत एक सर्वत्र पसरलेली मंद धूसरता मला दिसे, ती किनारीला धरून नसे, ठिपक्यांची नसे, आणि तिचा खुलासा होत नसे. एका आजीची नाडीतली प्राणवायूची पातळी उत्तम, खोकला नाही, आणि छायाचित्र मात्र धुरकट. तेव्हा मी श्वासनलिकेचा आडवा छेद पाहिला. श्वास आत घेतला असता तिची मागची भिंत फुगीर, गोल दिसते. येथे ती आत वळलेली होती, म्हणजे आजीने श्वास सोडलेला होता. आमच्याकडे साफसफाईला असलेला एक तरुण चिखलदऱ्याकडचा; त्याला झगा चढवून यंत्राच्या तोंडाशी उभे केले, त्याने आजीला तिच्या भाषेत दोन वाक्ये सांगितली, एकदा स्वतः छाती भरून दाखवली, आणि पुन्हा घेतलेल्या छायाचित्रात धूसरता नव्हती. पुढे कित्येक महिने हा तरुण झाडू बाजूला ठेवून हेच काम करीत होता. त्याचा पगार मात्र झाडूवाल्याचाच राहिला. त्याच्याआधी काढलेल्या छायाचित्रांतले किती ‘सौम्य प्रादुर्भाव’ हे मुळात भाषेचे प्रादुर्भाव होते, याचा हिशेब कोण काढणार?

यंत्रांचाही मुलूख असतो. एखाद्या केंद्रात पाच मिलिमीटर जाडीचे छेद घेत, दुसऱ्यात एक मिलिमीटरचे. जाड छेदात बारीक जाळी विरघळून साधा धूसरपणा उरतो आणि रोग एक पायरी मागे असल्यासारखा भासतो. त्याहून मोठा घोटाळा बेरजेचा. एका कुटुंबातील दोन भावांनी दोन शहरांत तपासणी करून घेतली. एकाचा अहवाल चौदा, दुसऱ्याचाही चौदा, आणि दोघे सारखेच आजारी समजून घरच्यांनी दोघांसाठी सारखीच धावपळ आरंभली. एकाचे चौदा पंचविसांपैकी होते. दुसऱ्याच्या केंद्रात फुफ्फुसांचे वीस भाग पाडून प्रत्येकास दोनपर्यंत गुण देण्याची चाळिसांची रीत होती. अहवालाखाली ते बारीक अक्षरांत छापलेलेही होते. परंतु ज्याच्या हाती कागद पडला त्याला वरचा आकडाच दिसतो.

दिवस, वाट, श्वास आणि यंत्र एवढे सगळे वजा केल्यावरही काही भेद शिल्लक राहत, आणि ते खरे होते. ते त्या फुफ्फुसांनी विषाणूच्या आधी जे भोगले होते त्याचे होते, आणि येथे मात्र मुलुखाचे नाव घेणे भाग आहे.

नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत या भागातल्या जिनिंग कारखान्यांत सरकी काढण्याचे काम चालते, म्हणजे फेब्रुवारीतली लाट नेमकी हंगामात आली. वर्षानुवर्षे कापसाचा भुरका ओढलेल्या माणसाच्या बारीक श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात. श्वास सोडला तरी हवा काही भागांत अडकून राहते, आणि छायाचित्रात काळी-करडी चौकटीची ठिगळे दिसतात. अशा पटावर विषाणूची धूसरता उमटली की कोणता करडा रंग नवा आणि कोणता जुना, हे सांगणे कठीण होते. आणि सर्वांत फसवे असे की, अडकलेल्या हवेचा काळा भाग निरोगी वाटतो आणि त्याच्या शेजारचा निरोगी भाग रोगट. चुलीच्या धुरात हयात घालवलेल्या म्हाताऱ्या बायांत उजवा मधला खंड आकसलेला, त्याची नलिका काजळीने काळवंडून चिंबलेली अशी सापडे. तो खंड पांढरा दिसे, आणि घाईचा वाचक त्याला सरळ पाचांपैकी पाच देऊन मोकळा होई. विडीने पोखरलेल्या फुफ्फुसात धूसरतेच्या मधोमध काळी भोके राहत आणि सारे चित्र प्रत्यक्षाहून हलके भासे. आणि क्षय तर आपल्याकडे इतका जुना आणि इतका घरचा की, वरच्या खंडांत त्याचे व्रण नसलेली वयस्क छाती हाती आली म्हणजे मी पुन्हा एकदा वय तपासून पाही. एका रुग्णाचा डावा वरचा खंड क्षयाने पूर्वीच निकामी होऊन गेला होता. नव्या रोगाची बेरीज पंचविसांत नऊ. आकडेवारीच्या भाषेत मध्यम. त्याच खोलीत पंधराचा एक धडधाकट तरुण बसून चहा पीत होता, आणि नऊवाल्याला प्राणवायू कमी पडत होता. पंधरावाल्याच्या गंगाजळीतून पंधरा गेले होते. नऊवाल्याचे भांडवल आधीच खर्ची पडलेले होते, आणि त्याचा हिशेब ठेवणारा रकाना आमच्या अहवालात नव्हता.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याने तर मला सर्वाधिक छळले. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून जाणाऱ्या या पट्ट्यात भूगर्भातले पाणी क्षारांनी खारट. मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण तेथून येतात आणि लोक त्याचे खापर पाण्यावर फोडतात. कारण काही असो, साथीच्या काळात डायलिसिसवर असलेली ती माणसे धाप लागली म्हणून यंत्राखाली येत आणि त्यांची फुफ्फुसे धूसर निघत. पण शरीराबाहेर न टाकता आलेले पाणी फुफ्फुसात उतरले तरी धूसरताच येते! तेव्हा डागांची जागा पाहावी लागे: विषाणू किनार धरतो, पाणी बहुधा मध्याकडून पसरते, विषाणूच्या रोगात आवरणात पाणी सहसा साचत नाही, यात साचते, हृदय मोठे असते, खंडांमधल्या बारीक पडद्या जाड झालेल्या असतात. दर्यापूरकडच्या एका गृहस्थास कोरोनाचा रुग्ण म्हणून वेगळ्या कक्षात धाडण्याची तयारी झाली होती. चिठ्ठीवर गाव वाचले, आवरणातले पाणी पाहिले आणि प्रथम डायलिसिस करा असे कळवले. दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रात निम्मा करडेपणा गेलेला होता. गावाचे नाव निदानाच्या कामी येते ते असे.

या साऱ्या गोष्टी वऱ्हाडापुरत्याच होत्या असे मात्र नाही. वूहानच्या रुग्णांहून झेजियांग प्रांतातले रुग्ण सौम्य, असा बासष्ट जणांचा एक वृत्तांत २०२०च्या फेब्रुवारीतच प्रसिद्ध झाला होता, आणि तो वाचून अनेकांनी प्रांताप्रांतांच्या फुफ्फुसांबद्दल तर्क लढवले. पण वूहान त्या वेळी रुग्णांच्या लोंढ्याखाली दबलेले होते आणि झेजियांगला सावध होण्यास अवधी मिळाला होता, एवढी गोष्ट लक्षात घेतली की तर्काची बरीचशी हवा निघून जाते. त्याच फेब्रुवारीत हूबे प्रांताने प्रयोगशाळेच्या दाखल्यावाचून, छायाचित्राच्या साक्षीवर निदान झालेले रुग्णही मोजणीत धरले आणि एका दिवसात संख्या सुमारे पंधरा हजारांनी फुगली. इटलीच्या ब्रेशिया शहरात सीटी यंत्रांना इतकी गर्दी पेलणार नाही हे ओळखून तेथल्या डॉक्टरांनी साध्या क्ष-किरण चित्राचे सहा भाग पाडून अठरा गुणांची स्वतःची रीत काढली. जेथे जशी गर्दी, जेथे जसे यंत्र, तेथे तसे फुफ्फुस दिसते. आपल्याकडे १९१८च्या मानमोडीत मध्यप्रांत व वऱ्हाड हा हिंदुस्थानातल्या सर्वाधिक मनुष्यहानी सोसलेल्या प्रांतांपैकी एक होता, आणि त्या मृतांपैकी बहुतेकांची नोंद दप्तरात नुसती ‘ताप’ म्हणून झाली. त्या मानाने आमच्या चिठ्ठीवर ‘खोकला’ हा एक शब्द अधिक होता, असे मी कधी कधी विनोदाने म्हणत असे.

स्कोरचे लोकजीवनात जे झाले त्याबद्दल थोडे लिहिणे अवश्य आहे. २०२०च्या सप्टेंबरात शासनाने या तपासणीचे दर बांधून दिले, यंत्राच्या क्षमतेप्रमाणे दोन हजार, अडीच हजार आणि तीन हजार. निर्णय योग्यच होता, पण त्यामुळे ज्याच्या खिशात दोन हजार आहेत तो नुसत्या शिंकेनेही येऊ लागला आणि ज्याच्या खिशात नाहीत तो नवव्या दिवसाच्या आत आलाच नाही. एकाच शहरातल्या दोन मोहल्ल्यांत जो भेद मी पाहिला तो दोन जिल्ह्यांतल्या भेदाहून मोठा होता. अहवाल घेण्यास आलेला एक मुलगा मला म्हणाला, ‘साहेब, बुडीचा स्कोर बारा आला म्हंतेत. आमच्या शेजाऱ्याचा त अठरा व्हता, थो त घरी आला. मंग हे कमी व्हय का जास्त?’ त्याच्या आईला ताप येऊन चारच दिवस झाले होते. चौथ्या दिवसाचे बारा हे तेराव्या दिवसाच्या अठरापेक्षा अधिक भयंकर, कारण अठरावाला उतरत होता आणि ही चढत होती, हे मी त्याला जमिनीवर काठीने चढ-उतार काढून समजावले. त्याला समजले, आणि त्याने बुडीला त्याच संध्याकाळी दाखल केले. अशा वेळी मला ३ मे २०२१ रोजी दिल्लीच्या एम्सचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य रुग्णांच्या अनावश्यक सीटीविरुद्ध दिलेला इशारा पटे, जरी एका सीटीत तीन-चारशे क्ष-किरण चित्रांइतका किरणोत्सार होतो हे त्यांचे गणित आमच्या व्यवसायबंधूंच्या संघटनेने जुन्या यंत्रांचे म्हणून तत्काळ खोडून काढले होते. गणित कोणाचेही खरे असो; पहिल्या दिवशीची स्वच्छ छायाचित्रे घेऊन निश्चिंत मनाने घरी गेलेली आणि आठव्या दिवशी खाट शोधत फिरणारी माणसे मी पाहिली आहेत.

अलीकडे माझ्याकडे शिकून गेलेल्या एका तरुण डॉक्टरने अमरावती आणि अकोला येथील फुफ्फुसचित्रांच्या प्रादेशिक तुलनेवर निबंध लिहिण्याचा संकल्प केला आणि माझ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मागून नेला. त्याच्या पहिल्या मसुद्यात जिल्हा आणि स्कोर एवढे दोनच रकाने होते. आजाराचा दिवस, कोठून पाठवला, श्वास धरला की नाही, छेदाची जाडी, जुना क्षय, धंदा, असे रकाने वाढवीत गेलो तसतसा त्याचा चेहरा उतरत गेला, कारण प्रत्येक रकान्यागणिक दोन जिल्ह्यांतला फरक झडत चालला होता आणि फरकावाचून निबंध कोण छापणार? शेवटी आमचा खटका उडाला तो गावाच्या रकान्यावर. हंगामापुरते अकोल्याच्या जिनिंगमध्ये राबायला आलेले, तेथेच आजारी पडलेले आणि तेथेच तपासले गेलेले मेळघाटचे मजूर त्याने अकोल्याच्या बाजूला धरले होते. मी म्हटले, यांच्या छातीतला भुरका अकोल्याचा, पण चुलीचा धूर धारणीचा आहे, आणि श्वास धरा म्हटलेले न कळणेही तिकडचेच. यांना तू अकोल्याचे कसे म्हणतोस? त्याने बराच वेळ विचार करून त्यांच्यापुढे ‘मूळ धारणी, मुक्काम अकोला’ असे लिहिले, आणि तक्त्यात दोनच बाजू असल्यामुळे त्यांना बाहेर काढून ठेवले.